कंपनीचा की लोकल? सातमाळ्याच्या वाटा आणि सायकलचे सुटे भाग

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईहून वेरूळची लेणी पाहायला निघालेला प्रवासी नांदगावला उतरायचा. मनमाडहून निजामाच्या मुलखात लोहमार्ग गेला आणि औरंगाबादला स्टेशन झालं ते १९०० च्या आसपास. तोवर जीआयपी रेल्वेचं नांदगाव हेच वेरूळला सोयीचं स्टेशन होतं. मरे यांच्या इंग्रजी प्रवासपुस्तिकेतही तसंच सांगितलेलं आहे. स्टेशनाबाहेर टांगा ठरवायचा, सातमाळ्याची डोंगररांग ओलांडायची आणि साठ-सत्तर किलोमीटर धूळ खात लेण्यांपाशी पोचायचं. पुढे गाड्या मनमाडवरून वळल्या आणि लेण्यांचे प्रवासी नांदगावला उतरेनासे झाले. डोंगर मात्र तिथेच होते, आणि आज त्याच डोंगरातल्या वाटांवर जाड टायरांच्या सायकली फिरतात.

या वाटा सायकलची कसून परीक्षा घेतात. तालुका पर्जन्यछायेतला. खाली काळा कातळ, वर मुरूम आणि सुटे दगड, बांधाबांधाला बाभळी-बोरी. पाऊस उघडला की रानवाटेवर सराटा पसरतो. त्याचं काटेरी फळ कसंही पडलं तरी एक काटा वरच राहतो, त्यामुळे साध्या ट्यूबचं आयुष्य एका फेरीपुरतं ठरू शकतं. कासारी घाट, माणिकपुंजचा परिसर, पिनाकेश्वराचा डोंगर, गिरणा धरणाकडची माळरानं अशा कुठल्याही बाजूला निघा. चढ आहे, धूळ आहे आणि काटा आहे. अशा मुलखात सायकलचा कुठला भाग महागडा घ्यावा आणि कुठे पैसे वाचवावेत, हा प्रश्न आजच्या माउंटन बाइकवाल्यांनी पहिल्यांदा विचारला असं मात्र नाही. सायकल या मुलखात आली तेव्हापासून तो आहे.

सायकल आली विलायतेहून. नॉटिंगहॅमची रॅले, बर्मिंगहॅमची बीएसए, हर्क्युलस, फिलिप्स, हंबर. नांदगाव आणि मनमाड ही रेल्वेची गावं, मनमाड तर नांदगाव तालुक्यातच. तिथे १९०६ साली रेल्वेचा अभियांत्रिकी कारखाना उभा राहिला. लोखंडी पुलांचे गर्डर घडवणाऱ्या माणसांच्या हाताला सायकलचा पाना नवखा वाटण्याचं कारण नव्हतं. पण सायकल महाग होती. तिचा हप्ता परवडणारा म्हणजे पगारदार माणूस. शेतकऱ्याच्या, दूधवाल्याच्या घरी ती बरीच उशिरा पोचली.

ती पोचायला हातभार लावला जपानने. १९३० च्या दशकात जपानी सायकली आणि सुटे भाग हिंदुस्थानच्या बाजारात उतरले, आणि ते इंग्रजी मालापेक्षा कितीतरी स्वस्त होते. जपानी माल म्हणजे हलका माल, हा समज त्या काळातला. इंग्लिश फ्रीव्हील, इंग्लिश चेन, ब्रुक्सचं कातडी सीट घेणारा गिऱ्हाईक वेगळा आणि जपानी भागावर भागवणारा वेगळा. ओसाका शेजारच्या साकाई गावात शोझाबुरो शिमानो नावाच्या तरुणाने १९२१ साली लोखंडकामाचा छोटा कारखाना काढला होता. साकाई हे पिढ्यान्‌पिढ्या तलवारी, सुऱ्या आणि बंदुका घडवणाऱ्या कारागिरांचं गाव. सायकली जपानात आल्या तेव्हा दुरुस्तीचं आणि पुढे भाग घडवण्याचं काम या कारागिरांनीच उचललं. शिमानोचा पहिला माल होता सायकलचं फ्रीव्हील. पायडल थांबलं तरी चाक फिरत ठेवणारा हा दातेरी भाग दिसायला लहान, घडवायला अवघड. आत बारीक खटके आणि छर्रे, आणि पोलाद चांगल्या पाण्याचं लागतं.

जगातले सर्वांत नावाजलेले सायकलचे भाग आज याच कारखान्याचे. स्वस्ताचा शिक्का घेऊन बाजारात उतरलेला देश दोन पिढ्यांत महागड्या मालाचा मापदंड झाला, आणि तो झाला फ्रीव्हीलच्या खटक्यांपासून सुरुवात करून.

महायुद्धात आयात आटली. स्वातंत्र्याच्या आगेमागे देशी कारखाने उभे राहू लागले. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना १९३९ च्या सुमारास सुरू झालेला होता. पुढे सरकारने तो ताब्यात घेतला आणि १९८० साली त्यातून नॅशनल बायसिकल कॉर्पोरेशन ही सरकारी कंपनी झाली. मद्रासजवळ अंबत्तूरला ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स आणि मुरुगप्पा घराणं यांनी मिळून १९४९ मध्ये टीआय सायकल्स काढली. बीएसए, हर्क्युलस आणि फिलिप्स ही इंग्रजी नावं मग तमिळनाडूत घडू लागली. आसनसोलला सेन-रॅले, सोनिपतला ॲटलस, लुधियानाला एव्हन. आणि १९५६ साली लुधियानातच हीरो.

हीरोची गोष्ट इथे महत्त्वाची, कारण ती काढणाऱ्या मुंजाल बंधूंनी धंद्याला सुरुवात केली ती सुट्या भागांपासून. अख्खी सायकल नंतर आली. लुधियानात चेन एकाची, हब दुसऱ्याचा, रिम तिसऱ्याचं अशी शेकडो छोट्या कारखान्यांची वस्ती तयार झाली. १९८६ मध्ये हीरोचं नाव जगातली सर्वाधिक सायकली बनवणारी कंपनी म्हणून गिनीज बुकात गेलं, ते या वस्तीच्या जोरावर. तालुक्याच्या गावातल्या दुकानात त्यामुळे एक नवी फोड पडली. फ्रीव्हील मागितलं की दुकानदार दोन पुड्या काढून विचारायचा, “कंपनीचा देऊ की लोकल?” कंपनीचा म्हणजे सायकल कारखान्याच्या नावाचा, छापील डबीतला. लोकल म्हणजे लुधियानाच्याच एखाद्या गल्लीतला, साध्या कागदात गुंडाळलेला. पुष्कळदा दोन्ही भाग एकाच गल्लीत घडलेले असत. फरक पडायचा पोलादाला दिलेल्या पाण्यात आणि तपासणीत. छर्रे जागेवर धरणारा जो कोन, त्याची लोकल मालात धार वर्षाच्या आत उडायची, छर्रे खड्डे पाडायचे आणि पायडलात कटकट सुरू व्हायची. कंपनीचा कोन तीन-चार पावसाळे काढी.

तरीही लोकल माल घेणारा माणूस अडाणी होता असं मुळीच नाही. काळी सायकल कुठल्याही कारखान्याची असो, तिची मापं ठरलेली होती. २८ इंची चाकं, पुढे ३२ तारा आणि मागे ४०, दांड्यांचे ब्रेक, कॉटर पिनेने बसवलेले पायडलचे दांडे. ही मापं इंग्रजांकडून आली आणि पाऊणशे वर्षं हलली नाहीत. ॲटलसच्या चौकटीत हीरोची बीबी, म्हणजे पायडलच्या दांड्यांची धुरी, बसायची, हर्क्युलसच्या चाकाला लोकल तार चालायची. त्यामुळे सगळी सायकल एकदम चांगली घ्यायची गरजच नव्हती. ज्या भागावर भार, तो कंपनीचा घ्यावा. बाकीचा जमेल तसा. दुधाच्या कॅन लावणारा माणूस मागचं रिम आणि तारा जाड घेई, मडगार्ड तारेने बांधून भागवी. हा हिशेब कुठल्या कॅटलॉगात छापलेला नव्हता, पण आजच्या माउंटन बाइकलाही तो अक्षरशः लागू पडतो.

दुरुस्तीही तशीच सर्वांच्या आवाक्यातली. वर्षातून एकदा ओव्हरहॉलिंग. हब उघडायचा, छर्रे रॉकेलमध्ये धुवायचे, वाट्या पुसायच्या, नवं ग्रीस भरून कोन आवळायचा. फार आवळला तर चाक जड, सैल ठेवला तर डुगडुग. मग चाक उलटं धरून आऊट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, काढायचा. चिमटीत तार धरून तिचा ताण ओळखणारे कारागीर महाराष्ट्रातल्या गावोगावी होते, आणि त्यांच्या कामाला कधीच पुरेसा मान मिळाला नाही.

डोंगरासाठी वेगळी सायकल ही कल्पना या सगळ्यापासून दूर, अमेरिकेत जन्मली. कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमलपायस या डोंगराजवळ काही तरुण १९३०-४० च्या दशकांतल्या जुन्या श्विन सायकली घेऊन कच्च्या रस्त्याने खाली सुटत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली. सुमारे साडेतीन किलोमीटरांत ४०० मीटर उतार. या सायकलींना मागे पायडल दाबून लावायचा हबातला ब्रेक होता. एका उतारात तो इतका तापे की आतलं ग्रीस जळून धूर निघे आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून नव्याने ग्रीस भरावं लागे. त्या भरण्यावरूनच शर्यतीचं नाव ‘रिपॅक’ पडलं. म्हणजे माउंटन बाइकिंगची सुरुवात भंगारातल्या चौकटी, मोटरसायकलचे ब्रेकदांडे आणि हाताला येईल त्या भागांनी झाली. गॅरी फिशरने जुन्या सायकलीवर गिअर चढवले, जो ब्रीझने १९७७ मध्ये डोंगरासाठी खास चौकट घडवली, टॉम रिचीच्या चौकटी पुढे फिशर आणि चार्ली केली विकू लागले.

हौशी माणसांच्या या खटपटीतून धंदा उभा राहिला १९८१ साली. स्पेशलाइज्डची स्टम्पजंपर ही जपानात तयार झालेली सायकल साडेसातशे डॉलरांना बाजारात आली. तिच्यावर जपानच्याच सनटूरचे भाग होते. पाठोपाठ १९८२ मध्ये शिमानोने डोंगरी सायकलींसाठी पहिला पूर्ण संच काढला, डिओरे एक्सटी. चिखलपाणी आत शिरू नये म्हणून सील, हातमोज्यातल्या बोटांनाही सापडतील असे दांडे. मग गिअर बदलताना ‘टक’ असा ठरलेला ठोका देणारी रचना आली. चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणाऱ्या सनटूरच्या तिरक्या चौकोनी डिरेलरचं पेटंट १९८४ मध्ये संपलं. शिमानोने ती कल्पना आपल्या ठोक्याच्या गिअरला जोडली आणि काही वर्षांत सनटूर मागे पडली. पुढे शिकागोहून स्रॅम ही कंपनी आली, पॉल टर्नरच्या रॉकशॉक्सने १९८९ मध्ये शॉकचा फोर्क विकायला सुरुवात केली, १९९२ मध्ये शिमानोने एक्सटीआर नावाचा शिखरावरचा संच काढला आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलींची शर्यत झाली.

शिमानोची उतरंड हळूहळू पक्की झाली. टूर्नी, आल्टस, असेरा, अलिव्हिओ, डिओरे, एसएलएक्स, एक्सटी, एक्सटीआर. प्रत्येक पायरीवर किंमत वाढते, आणि आज जे वरच्या पायरीवर आहे ते काही वर्षांनी खाली उतरतं. हे उतरणं आता किती लवकर होतं पाहा. मागे १२ चक्र्यांचा एक्सटीआर संच २०१८ मध्ये आला. २०१९ मध्ये तीच रचना एक्सटी आणि एसएलएक्समध्ये आली, २०२० मध्ये डिओरेमध्ये. थांबायची तयारी असलेल्या गिऱ्हाइकाला दोन वर्षांत शिखरावरची रचना मधल्या पायरीच्या पैशात मिळाली.

मग वरचे पैसे कशाचे? बहुतेक वजनाचे. कॅसेट म्हणजे मागच्या चक्र्यांचा जुडगा. १०-५१ दातांची डिओरेची कॅसेट साधारण ५९० ग्रॅमची, एक्सटीची ४७०, एक्सटीआरची ३७० च्या आसपास. डिओरेत पोलाद जास्त, एक्सटीत मोठ्या चक्र्या ॲल्युमिनियमच्या, एक्सटीआरमध्ये टायटॅनियमही. डिओरे आणि एक्सटी यांच्यातले १२० ग्रॅम म्हणजे बाटलीतलं चार घोट पाणी, आणि चैत्रात सातमाळ्यावर जाणारा माणूस दोन-तीन लिटर पाणी सोबत नेतो. त्यात पोलादाचा दात ॲल्युमिनियमपेक्षा जास्त टिकतो. मुरमाची बारीक धूळ चेनच्या तेलात मिसळली की ती कानशीसारखं काम करते. अशा धुळीत स्वस्त पोलादी कॅसेट महागड्या हलक्या कॅसेटपेक्षा जास्त दिवस चालते. शर्यत सेकंदांवर सुटत असेल तर वजनाचे पैसे जरूर मोजावेत. संगमनेरच्या प्रणिता सोमणने राष्ट्रीय माउंटन बाइक स्पर्धांत सुवर्णपदकं मिळवली. त्या पातळीवर प्रत्येक ग्रॅमला अर्थ असतो. रविवारी गिरणा धरणापर्यंत जाऊन येणाऱ्याला नसतो.

भारतात डोंगरी सायकल आधी आली ती दिसण्यापुरती. जाड टायर, सरळ हँडल, भडक रंग आणि मागे तेच एकाच दातेरीचं फ्रीव्हील. आर्थिक उदारीकरणानंतर परदेशी भाग येऊ लागले, २००५ मध्ये फायरफॉक्ससारखी गिअरच्या सायकलींची कंपनी निघाली (२०१५ मध्ये ती हीरोने घेतली) आणि ‘गिअरची सायकल’ हा तालुक्याच्या गावातल्या पोरांचा हट्ट झाला. या लाटेत एक मोठी फसगतही झाली, आणि तिच्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. अतिस्वस्त सायकलींवर पुढे-मागे शॉक बसवले गेले, पण त्यात नुसती स्प्रिंग होती. दाबलेली स्प्रिंग सावकाश परत यावी म्हणून आत तेलाची योजना लागते. ती नसेल तर दगडावर आदळलेलं चाक उसळून हँडल हातातून काढून घेतं. असा शॉक वजन वाढवतो, चढावर ताकद खातो आणि उतारावर धोका करतो. त्याच पैशात साधा ताठ फोर्क, चांगली रिमं आणि धड ब्रेक मिळाले असते. काळ्या सायकलीच्या जमान्यातला लोकल भाग निदान जो होता तोच दिसत होता.

दुसरी कमजोरी मागच्या हबात लपलेली असते. सहा-सात चक्र्यांचं स्वस्त फ्रीव्हील हबावर आट्यांनी चढवतात. चक्र्या वाढल्या तशी एक्सलची उजवी बाजू लांबली, पण तिला आधार देणारे छर्रे आत, चक्र्यांच्या पलीकडेच राहिले. त्या लांब, निराधार टोकावर दणका बसला की एक्सल वाकतो किंवा तुटतो. शिमानोने १९७८ च्या सुमारास फ्रीहब काढला तो याच दुखण्यावर. त्यात खटके हबाचाच भाग झाले आणि छर्रे थेट चौकटीजवळ सरकले. नांदगावच्या आसपास दगडात सायकल चालवायची असेल तर ‘गिअर किती?’ हा प्रश्न नंतरचा. आधी मागे आट्यांचं फ्रीव्हील आहे की फ्रीहब, ते पाहावं. स्वस्त आणि मधल्या सायकलीतला खरा फरक इथे पडतो, आणि तिथे पैसे वाचवू नयेत.

नाशिक जिल्ह्यात ही सजगता वाढली त्याला लांब पल्ल्याच्या सायकलपटूंचा मोठा वाटा आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, सुमारे ४,८०० किलोमीटरचं अंतर नऊ दिवसांच्या आत. २०१७ मध्ये लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पार केली. या शर्यती डांबरी रस्त्यावरच्या, पण त्यांच्यामुळे सायकल हे गंभीर यंत्र आहे, तिचा प्रत्येक भाग समजून घ्यावा लागतो, ही जाण जिल्हाभर पसरली.

सराट्याचा बंदोबस्तही आता हाती आहे. माव्हिक कंपनीने १९९९ मध्ये सायकलसाठी ट्यूबलेस चाकांची रचना बाजारात आणली. पुढे त्यात पातळ चीक घालायची रीत रूढ झाली. काटा रुतला की चीक भोकात जाऊन घट्ट होतो आणि हवा राहते. ट्यूबलेसचं रिम, टायर आणि चीक यांचा खर्च साध्या जोडीपेक्षा बराच जास्त. पण बाभळी-बोरी-सराट्याच्या या पट्ट्यात तो एका हंगामात वसूल होतो. सह्याद्रीच्या ओल्या घाटमाथ्यावर फिरणाऱ्याला कदाचित पकड चांगली देणारा टायर पुरेल. नांदगावकराला ट्यूबलेस हवाच. चीक मात्र उन्हाळ्यात लवकर सुकतो, दर दोन-तीन महिन्यांनी बघावा लागतो.

बाकी निवड दुरुस्ती कुठे होणार यावर ठरते. महागडा भाग बिघडला आणि तो पुण्याहून किंवा नाशिकहून कुरिअरने यायचा असेल तर सायकल तोवर भिंतीला टेकून राहते. गंमत म्हणजे शिमानोच्या एक्सटी हबात आजही सुटे छर्रे, वाटी आणि कोनच असतात. रॉकेलमध्ये छर्रे धुणाऱ्या जुन्या कारागिराला तो हब परका नाही. हलका हात आणि योग्य मापाचा पातळ पाना एवढंच जास्तीचं लागतं. दुसऱ्या कित्येक कंपन्यांच्या हबात बंद बेअरिंग येतं. त्यावरचा नंबर यंत्रसामग्रीतल्या प्रमाणित मापांचा असेल तर मोटरच्या बेअरिंगचं दुकानही मदतीला येतं. हायड्रॉलिक ब्रेकांत शिमानो मिनरल ऑइल वापरते, तर स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकांत डॉट तेल असतं, मोटरसायकलच्या डिस्क ब्रेकात असतं त्याच जातीचं. ही दोन तेलं कधीही एकमेकांच्या जागी घालू नयेत, रबरी सीलं खराब होतात.

आणि एक बोटभर भाग. मागचा गिअर चौकटीला ज्या पातळ पट्टीने जोडतात तो हँगर. दगडाला धडकल्यावर गिअर किंवा चौकट वाचावी म्हणून तो मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमचा करतात. वर्षानुवर्षं प्रत्येक कंपनीचा, कधी प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा असायचा आणि कासारी घाटात तो वाकला की लाखाची सायकलही हातात धरून चालवत आणावी लागायची. स्रॅमने २०१९ मध्ये एक सर्वसामान्य हँगर काढला आणि त्याचं माप सगळ्या चौकट बनवणाऱ्यांना खुलं केलं. काही वर्षांत बड्या कंपन्यांनी तो स्वीकारला. काळ्या सायकलीच्या ४० तारांसारखं एक सामाईक माप पुन्हा मिळालं. २०२३ मध्ये स्रॅमने त्याच मापाच्या जागी हँगरशिवाय थेट चौकटीला बसणारा, बॅटरीवर चालणारा महागडा गिअर आणला. सर्वसामान्य हँगर मधल्या किमतीच्या सायकलींवर आहेच. नवी सायकल घेताना दुकानदाराकडे तो मागून घ्यावा, आणि एक जास्तीचा सीटखालच्या पिशवीत टाकावा.